शाकुंतलाचा पहिला प्रयोग : अण्णासाहेब किर्लोस्कर

इसवी सन १८८० च्या ऑक्टोबर महिन्याची ३१ तारीख रविवारी आली होती. दिवाळी उंबरठ्यावर होती. पुण्याच्या पेठांतून घरोघरी फराळाची लगबग चाललेली, अंगणे सारवून रांगोळ्यांसाठी सिद्ध केलेली, आणि कात्रजच्या तलावातून पेशवाईपासून आलेल्या नळाच्या हौदांवर पाणी भरणाऱ्यांची सकाळपासून गर्दी. शहर अद्याप तेलाच्या दिव्यांचे होते. काळोख पडला की रस्ते लवकर ओस पडत, आणि रात्री घराबाहेर राहण्यास कीर्तन, तमाशा वा नाटक यांपैकी एखादे कारण लागे. त्या दिवशी आनंदोद्भव नाटकगृहात महाकवी कालिदासाच्या शाकुंतलाचे पहिले चार अंक मराठीत, आणि तेही पात्रांनी स्वतः गाऊन, होणार होते. नाटककार होते रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस असलेले बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. मित्रमंडळी त्यांना अण्णासाहेब म्हणत. पुढे सारा महाराष्ट्र आणि महाराष्ट्राबाहेरचा मराठी समाज त्याच नावाने त्यांना ओळखू लागला.

त्या काळचे पुणे मोठ्या उलथापालथीतून जात होते. १८७६ ते १८७८ या वर्षांतील भीषण दुष्काळाच्या आठवणी ताज्या होत्या. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार हादरले आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बुधवारवाड्यास आग लागून पेशवाईची एक मोठी खूण नाहीशी झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ पासून निघत होती. १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, आणि केसरी व मराठा ही पत्रे निघण्यास अवघे दोनतीन महिने उरले होते. चित्रशाळेने छापलेली देवादिकांची व पेशव्यांची रंगीत चित्रे मध्यमवर्गीय घरांच्या भिंतींवर नुकती येऊ लागली होती. विष्णुपंत छत्रे यांनी आपली सर्कस उभी केली तीही याच १८८० साली. विद्वत्ता, राजकारण आणि करमणूक या तिन्ही गोष्टी एकाच वेळी नवे रूप घेत होत्या. इतिहासकार पहिल्या दोहोंविषयी भरभरून लिहितात आणि तिसरीची बोळवण एका ओळीत करतात, हे काही न्याय्य नव्हे. सामान्य माणसाच्या ओठांवर काय होते हे पाहावयाचे तर तिसरीकडेच वळले पाहिजे.

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूर येथे झाला. हे गाव आजच्या बेळगाव जिल्ह्यात, सौंदत्तीकडच्या भागात आहे. पुढे नांगरांचे व यंत्रांचे कारखाने काढून नावारूपास आलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर हेही याच गावचे. भोवतालची भाषा कानडी, घरातली मराठी, आणि पाठांतराची संस्कृत अशा त्रिवेणीत अण्णासाहेबांचे बालपण गेले. कानडी मुलखातील पदांच्या चाली, देवळातील कीर्तने आणि रात्रभर चालणारे खेळ त्यांच्या कानांवर लहानपणीच पडले. त्यांच्या जन्मवर्षाचा एक योगायोग नोंदण्याजोगा आहे. त्याच १८४३ च्या नोव्हेंबरात सांगली येथे विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा प्रयोग करून मराठी नाटकाचा पाया घातला. म्हणजे मराठी नाटक आणि मराठी नाटकाला गाते करणारा पुरुष हे दोघे एकाच वयाचे.

शिक्षणासाठी त्यांना घराबाहेर पडावे लागले. कोल्हापूर, धारवाड आणि अखेर पुणे असा तो प्रवास झाला, पण शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन फारसे रमले नाही आणि परीक्षांच्या पायऱ्या काही चढून झाल्या नाहीत. पुण्यात येणाऱ्या नाटकमंडळ्यांना पदे रचून देणे हा त्यांचा खरा अभ्यास ठरला. याच ओढीतून त्यांनी मित्रांसह भारतशास्त्रोत्तेजक मंडळी उभी केली. ती फार काळ टिकली नाही. घरच्यांच्या दृष्टीने हा सगळा वेळेचा अपव्ययच होता. नाटकात काम करणाऱ्यास त्या काळी नाटक्या म्हणत, आणि तो शब्द शिवीसारखाच उच्चारला जाई. चांगल्या घरचा मुलगा तोंडाला रंग फासून चारचौघांपुढे उभा राहिला की त्याच्या भावंडांच्या सोयरिकी अडत. ही भीती पोकळ नव्हती. अशा परिस्थितीत अण्णासाहेबांनी चारचौघांसारखी नोकरी धरली. बेळगावास ते काही वर्षे शिक्षक होते. तेथे त्यांच्या सहवासात एका विद्यार्थ्याला नाटकाचे वेड लागले. तो म्हणजे गोविंद बल्लाळ देवल. गुरूने शिष्यास क्रमिक पुस्तकातले काय शिकवले हे बाजूस ठेवले, तरी मराठी रंगभूमीला त्या वर्गाचा लाभ मोठा झाला, हे निश्चित.

१८७३ साली अण्णासाहेबांनी श्रीशांकरदिग्विजय हे गद्य नाटक लिहिले. त्यात विद्वत्ता आहे, भाषेचे वळण आहे, पण त्यांच्या अंगचा खरा गुण तेथे दबून राहिला. कारण त्यांचे चित्त गाण्यात होते आणि गद्य नाटकात गाण्यास जागा नव्हती. त्या काळी नाटकाचे दोन प्रवाह वेगवेगळे वाहत होते. एक भाव्यांच्या धर्तीच्या पौराणिक खेळांचा. त्यात आरंभी गणपती व मोरावर बसून नाचणारी सरस्वती येई, विदूषक हसवी, राक्षस आरोळ्या ठोकीत तलवारी परजीत, आणि साऱ्या कथेचे गाणे एकटा सूत्रधार म्हणे. पात्रांनी त्या पदाचा आशय पुढे आपल्या मनच्या भाषणांत मांडायचा. दुसरा प्रवाह शिकलेल्यांच्या बुकिश नाटकांचा. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांनी थोरले माधवराव पेशवे लिहिले, तेव्हापासून हा प्रवाह वाढला. संस्कृत व इंग्रजी नाटकांची भाषांतरे त्यात येऊ लागली. त्यांतील भाषणे लिहून पाठ केलेली असत, पण ती भाषणेच असत. शिकलेला प्रेक्षक पहिल्यास हसे आणि दुसऱ्यास मान डोलावी, तरी मनातून त्याला गाणे हवेच असे. सर्वसामान्य प्रेक्षक तर दुसऱ्याकडे फिरकतच नसे. एकीकडे गाणे होते तर नाट्य ढिले, दुसरीकडे नाट्य होते तर गाणे नाही, असा हा पेच होता.

तो सुटण्याचे निमित्त बाहेरून आले. १८८० साली पारशी नाटकमंडळीने पुण्यात इंद्रसभा या उर्दू नाटकाचे खेळ केले. लखनौच्या अमानत यांची ही कृती म्हणजे गाण्यांची व नाचांची जत्राच. भपकेदार पडदे, झगझगीत पोशाख, यांत्रिक करामती आणि पात्रांच्या स्वतःच्या तोंडची गाणी यांनी पुणेकर प्रेक्षक वेडावला. अण्णासाहेबांनी तो खेळ पाहिला. भपक्याने ते दिपले असतील किंवा नसतील, पण पात्र स्वतः गाऊ लागले की प्रेक्षक कसा बांधला जातो, ही गोष्ट त्यांनी बरोबर हेरली. परक्या भाषेतील गाण्यांना हा समाज एवढा भुलतो, तर आपल्या भाषेत, आपल्या चालींत आणि कालिदासासारख्या कवीच्या आधाराने असे नाटक का होऊ नये, या विचाराने त्यांना घेरले. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवावयास हवी. मुंबईत सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी १८७९ सालीच नलदमयंती नाटकात पात्रांच्या तोंडी पदे घातली होती. म्हणून संगीत नाटकाच्या आद्यत्वाचा वाद अधूनमधून निघत असतो. कालगणनेत त्रिलोकेकरांचा मान त्यांना द्यावाच. मात्र रोप लावणे वेगळे आणि ते मुळे धरून वाढवणे वेगळे. ते दुसरे काम किर्लोस्करांच्या हातून झाले.

काम सोपे नव्हते. शाकुंतल सात अंकांचे, आणि त्यातील श्लोक संस्कृत पंडितांना मुखोद्गत. त्यांच्या अर्थास धक्का न लावता मराठी पदे रचायची आणि ती गाणाऱ्याच्या गळ्यात व ऐकणाऱ्याच्या कानात सहज बसतील अशी घडवायची. अण्णासाहेबांनी यासाठी दूर कोठे शोध घेतला नाही. कीर्तनातील साकी व दिंडी, अंजनीगीत, बायकांच्या गाण्यांचे मोकळे ठेके, लावणीची ठसक, हिंदुस्थानी रागदारीतील चिजा आणि लहानपणी कानांवर पडलेल्या कानडी चाली हे सारे त्यांनी कामास लावले. संपूर्ण नाटकात पदांची संख्या दोनशेच्या आसपास गेली. पण ही पदे आखूड होती. बहुतेक पदे दोनचार ओळींत आपले काम उरकून पुन्हा संवादास वाट करून देत. दुष्यंत गातो ते बोलणे गाऊन बोलावे तसे. गाण्यासाठी कथा थांबत नाही. या साधेपणाकडे पुढच्या पिढ्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही. एकेका पदावर अर्धा अर्धा तास ताना आणि वन्समोअर चालू लागले तेव्हा दोष किर्लोस्करांच्या माथी मारण्यात आला. तो त्यांचा नव्हता.

नट मिळवणे हे तर त्याहून कठीण. गळा हवा, रूप हवे, शुद्ध वाणी हवी, आणि लोकनिंदा सोसण्याची तयारी हवी. अण्णासाहेबांना मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर हे दोन गाते गडी लाभले, आणि शंकरराव मुजुमदार यांच्यासारखा स्त्रीभूमिका करणारा तरुण मिळाला. स्त्रियांनी रंगभूमीवर येण्याचा प्रश्नच त्या काळी नव्हता, तेव्हा शकुंतलेचे काम मुजुमदारांकडे आणि दुष्यंताचे मोरोबांकडे गेले. तालमी नोकरीच्या वेळा सांभाळून चालत. दिवसा कचेरीतील कागद आणि सायंकाळनंतर कण्वाचा आश्रम असा अण्णासाहेबांचा दिनक्रम होता. त्या वेळी ते सदतीस वर्षांचे होते. या वयात, पदरी संसार असताना, सरकारी नोकराने नाटकमंडळी उभारणे म्हणजे प्रतिष्ठा आणि पोटपाणी दोन्ही पणास लावणेच होते. प्रयोग पडला असता तर कचेरीत आणि जातगोतात तोंड दाखवणे अवघड झाले असते.

अशा रीतीने तो रविवार उजाडला. नाटकगृह म्हणजे आजच्या अर्थाने थिएटर नव्हे. दिवे तेलाचे, त्यांच्या धुराचा वास सर्वत्र भरलेला. नटांचे रंग सफेदा व हिंगूळ यांचे. पागोटी व उपरणी सावरीत मंडळी दाटीवाटीने बसत. त्यांच्यात काव्यशास्त्राचे अभ्यासक होते तसेच केवळ गाण्याचे शौकीन होते. सूत्रधाराची नांदी झाली. गणपती नाचला नाही, राक्षस ओरडला नाही. मृगाच्या मागे रथात बसून राजा आला आणि तो स्वतःच गाऊ लागला, तेव्हा श्रोत्यांस काहीतरी नवे घडत असल्याची जाणीव झाली असली पाहिजे. शाकुंतलाची ती नांदी आजही कोठे जुने संगीत नाटक लागले की प्रारंभी म्हटली जाते, मग ते नाटक शाकुंतल असो वा दुसरे कोणते.

चौथ्या अंकाने त्या दिवशीचा खेळ संपला. पुढचे अंक अद्याप तयार नव्हते, एवढेच त्याचे कारण. पण त्या अपुरेपणानेही प्रयोगाचे भलेच केले. शकुंतलेची सासरी पाठवणी हा त्या अंकाचा विषय, आणि संस्कृत रसिकांच्या परंपरेत हाच अंक शाकुंतलाचा प्राण मानला गेला आहे. १८८० च्या पुण्यात त्याला आणखी एक अर्थ होता. मुलीचे लग्न आठव्यादहाव्या वर्षी होई. दिवाळी म्हणजे तिच्या माहेरपणाचे दिवस. माहेरच्या उंबऱ्यावरून निघताना ती आईला बिलगे आणि बाप ओसरीवर तोंड फिरवून उभा राही. हे दृश्य ज्याच्या घरी घडले नाही असा गृहस्थ प्रेक्षकांत क्वचितच असेल. विरक्त कण्वऋषी मानलेल्या लेकीला निरोप देताना गहिवरतो, वेली आणि हरणेही व्याकुळ होतात, हे त्यांनी पोथीत वाचलेले होते. मायबोलीत आणि ओळखीच्या चालींवर ते कानी आले तेव्हा पोथीतले दुःख घरातले झाले. प्रेक्षक घरी परतले ते पदे गुणगुणत. काही दिवसांत ती पदे माजघरात पोहोचली. नाटकास न गेलेल्या बायकाही जात्यावर आणि पाळण्याशी त्या चाली म्हणू लागल्या. मराठी समाजाच्या घरगुती गाण्यात नाटकाने शिरकाव केला तो येथून.

अण्णासाहेबांनी मागाहून उरलेले अंक रचून सात अंकी शाकुंतल पुरे केले, आणि किर्लोस्कर नाटकमंडळीचे बस्तान बसले. आता त्यांनी भाषांतराचा आधार सोडला. संगीत सौभद्राचे पहिले तीन अंक पुण्याच्या पूर्णानंद नाटकगृहात १८ नोव्हेंबर १८८२ रोजी झाले आणि १८८३ मध्ये पाच अंकांचे पूर्ण नाटक रंगभूमीवर आले. अर्जुन व सुभद्रा यांचे परस्परांवर प्रेम, बलरामाने मात्र दुर्योधनाशी विवाह ठरवलेला, आणि कृष्णाने युक्तीने सारे जुळवून आणलेले, एवढीच कथा. पण द्वारकेचे हे यादवकुळ अण्णासाहेबांनी सदाशिव वा शनिवार पेठेतील एखाद्या वाड्यासारखे रंगवले. थोरला भाऊ कर्ता, तापट, पण मनाचा भोळा. धाकटा गोड बोलून आपले तेच करणारा. रुसलेली वहिनी आणि तिची समजूत घालणारा नवरा. विचारल्याशिवाय ठरवलेल्या लग्नाने कासावीस झालेली उपवर मुलगी. संन्याशाचा वेष घेऊन आलेल्या अर्जुनाची सरबराई सुभद्रेकडेच सोपवली जाते, तेव्हा प्रेक्षकांत खसखस पिकते. पुराणातल्या माणसांना घरच्या मराठीत बोलते केल्यामुळे हे नाटक शंभर वर्षांहून अधिक काळ ताजे राहिले. गुणवत्तेने पाहता शाकुंतलापेक्षा सौभद्रच अण्णासाहेबांची श्रेष्ठ कृती होय, हे मत आज बहुतेकांस मान्य होईल.

सौभद्राच्या यशात बडोद्याचा वाटा मोठा आहे. भाऊराव कोल्हटकर हा बडोद्याचा, १८६३ साली जन्मलेला तरुण. त्याच्या गळ्याची कीर्ती ऐकून त्याला मंडळीत आणण्यात आले. त्याची सुभद्रा रंगभूमीवर आली आणि मोरोबांचा अर्जुन, बाळकोबांचा कृष्ण व भाऊरावांची सुभद्रा यांना ऐकण्यासाठी लोक गावोगावहून येऊ लागले. मागे चांगल्या घरचा मुलगा नाटकात गेला की घरात रड होई. आता चांगल्या घरची मंडळी पुढच्या जागांसाठी खटपट करू लागली. निंदा एकाएकी संपली असे नव्हे, पण नाटक्या या शब्दातील विष ओसरू लागले. प्रतिष्ठेतील हा बदल प्रत्यक्ष घडवण्याचे श्रेय अण्णासाहेबांच्या शिस्तीस आहे. शुद्ध भाषा, नेमक्या तालमी आणि नटांचे नीट वर्तन यांविषयी ते दक्ष असत.

यानंतरचे आयुष्य फार थोडे उरले होते. संगीत रामराज्यवियोग हे त्यांचे तिसरे संगीत नाटक. त्याचे पहिले तीन अंक २० ऑक्टोबर १८८४ रोजी रंगभूमीवर आले. कैकेयीचे मन फिरवणाऱ्या मंथरेच्या कामात भाऊरावांनी सुभद्रेहून अगदी निराळा रंग दाखवला. सौभद्रातील हसरेपणा येथे नाही. घरातील एका वाकड्या शब्दाने सबंध कुळाची वाताहत कशी होते, याचे हे नाटक. चार अंकांवर थांबलेले शाकुंतल पुढे पुरे झाले, तीन अंकांवर थांबलेले सौभद्रही पुरे झाले. तसेच हेही होईल असे मंडळीने गृहीत धरले असावे. परंतु २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, अण्णासाहेबांचे निधन झाले. शाकुंतलाच्या पहिल्या प्रयोगास त्या वेळी पाच वर्षे आणि दोन दिवस झाले होते.

त्यांच्या मागे मंडळी मोडली नाही. बेळगावच्या वर्गातील विद्यार्थी देवल यांनी मृच्छकटिक, शापसंभ्रम अशी नाटके देऊन ती भरभराटीस आणली. १८९९ साली त्यांच्या संगीत शारदेचा पहिला प्रयोग मंडळीने इंदुरास केला. म्हाताऱ्या नवऱ्यास विकल्या जाणाऱ्या मुलीची ती कथा. सुभद्रेच्या तोंडी हसण्यावारी गेलेली तक्रार देवलांनी उघड्या शब्दांत मांडली. भाऊराव १९०१ मध्ये वारले. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस हा कोवळा मुलगा मंडळीत आला आणि बालगंधर्व म्हणून गाजला. त्याचीही पहिली मोठी भूमिका शकुंतलेची. मुंबई, बडोदे, इंदूर, बेळगाव अशा मराठी वस्तीच्या गावोगावी मंडळीचे खेळ होत राहिले आणि नाट्यपदांची छोटी पुस्तके त्या त्या गावच्या वाचनालयांत व घरांत जाऊन पडली. रामराज्यवियोगाचे पुढचे अंक मात्र कोणी लिहिले नाहीत. ते नाटक अण्णासाहेबांनी सोडले तेथेच अपुरे राहिले.